गाण्यातलं साफ करायचं राहून गेलेलं

रॉकच्या चाहत्यांना गिटारचे सोलो तोंडपाठ असतात. पण त्याच गाण्यात ड्रमचं पेडल कुरकुरतंय, गायक वेळेआधी शिरलाय, मागे कुणीतरी खुर्चीत हललंय, याकडे सहसा लक्ष जात नाही. मला हे आवाज सोलोइतकेच मोलाचे वाटतात, कारण त्या क्षणी स्टुडिओत माणसं काय करत होती ते यांतूनच कळतं. आज असा आवाज पुसायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे नव्या गाण्यांत तो क्वचितच उरतो.

लेड झेपलिनचं १९७० मधलं ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ घ्या. संथ ब्लूज आहे, ठोक्यांमध्ये भरपूर मोकळी जागा. तिथेच ड्रमर जॉन बोनमच्या बास ड्रमचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल कुरकुरतं. लुडविगच्या स्पीड किंग पेडलच्या स्प्रिंगा उभ्या खांबांच्या आत असतात आणि त्यांना वंगण कमी पडलं की आवाज येतो. नंतर तो काढणं अवघड, कारण तो ड्रमच्याच माइकमध्ये ठोक्याबरोबर शिरलेला असतो. ती वारंवारता कापली तर स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा खणखणीत छोटा ड्रम) आणि झांजांची धारही जाते. वेगवान गाण्यात हीच कुरकुर इतर वाद्यांखाली दबून गेली असती.

द किंग्जमेनचं ‘लुई लुई’ (१९६३) हा तर माझ्या मते चुकांचा सर्वोत्तम नमुना. गिटार सोलो संपताच, साधारण दुसऱ्या मिनिटाला, गायक जॅक एली आधीच सुरू होतो, चूक लक्षात येताच गप्प होतो आणि ड्रमर लिन ईस्टन एक जोरदार फिल (ठोक्यांची झटपट लड) मारून ती फट बुजवतो. पुन्हा रेकॉर्ड केलं असतं तर गाणं बिनचूक झालं असतं आणि थोडं मेलंही असतं.

लेड झेपलिनच्याच ‘होल लोट्टा लव्ह’मध्ये (१९६९) चौथ्या मिनिटाच्या आसपास वाद्यं थांबतात, तिथे गायक रॉबर्ट प्लांटची ओळ यायच्या आधीच ती लांबून, पुसट ऐकू येते. नको असलेला हा आवाज फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढूनही जाईना, तेव्हा ध्वनी अभियंता एडी क्रेमर आणि बँडचा गिटारवादक जिमी पेज यांनी त्यावर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला. नाइलाजाचा असा देखणा उपयोग विरळाच.

आवाजाची अशी आधीच पडणारी सावली इतर जुन्या रेकॉर्डिंगमध्येही भेटते, पण तिचं कारण वेगळं. रिळावर टेपचे थर एकमेकांवर बसतात आणि मोठ्या आवाजाचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उतरतं. म्हणून रीळ शेवटचं टोक बाहेर ठेवून साठवतात. मग जास्त ठळक सावली मूळ आवाजाच्या नंतर पडते आणि त्याच्या घुमण्यात लपते. तबकडीवर हेच शेजारच्या खाचेमुळे होतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा. सावली बरोबर तेवढीच आधी येत असेल तर दोष बहुधा तबकडीचा. टेपवर हे अंतर रीळ किती भरलंय त्यावर बदलतं.

हे ऐकायला आवाज वाढवणं हा पहिला उपाय नव्हे. तारेचे हेडफोन लावा, इक्वलायझर आणि थ्रीडी वगैरे परिणाम बंद करा, मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू असेल तर तोही बंद. मग फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधला बॅलन्स पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे न्या. साठच्या दशकातल्या स्टिरिओ मिक्समध्ये बरेचदा वाद्यं एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात असल्याने श्वास, टाळ्या, खाकरणं लगेच उघडं पडतं.

आणखी खोल जायचं तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो ट्रॅक करा, त्यातला एक निवडून ‘इन्व्हर्ट’ (आवाजाची लाट उलटी) करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. मधोमध ठेवलेला मुख्य आवाज आणि बास बऱ्याच अंशी नाहीसा होतो, कडेचं उरतं. गायकाचा रिव्हर्ब मात्र उरतोच. एमपीथ्रीवर हे केलं तर पाण्याखालून आल्यासारखे विचित्र बुडबुडे ऐकू येतात, तेव्हा एफएलएसी (आवाजातलं काही न गाळणारी फाइल) किंवा सीडीच वापरा. मूळ गाणं मोनो असेल तर अर्थातच काहीच उरणार नाही.

एका गाण्यासाठी मात्र आवाज वाढवावाच लागतो: बीटल्सचं ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७). शेवटची ई मेजर कॉर्ड (एकत्र वाजवलेल्या स्वरांचा गुच्छ) अनेक पियानोंवर एकाच वेळी वाजवलेली आहे. ती चाळीसहून अधिक सेकंद विरत जाते. ती क्षीण होत गेली तसतसे ध्वनी अभियंता जेफ एमेरिकने फेडर वर नेले, म्हणून अगदी शेवटी खोलीतली बारीक खुडबुडही पकडली गेली. पण सीडीवर कॉर्ड संपल्यावर १५ किलोहर्ट्‌झच्या आसपासची शिट्टी आणि पाठोपाठ बडबडीचा तुकडा येतो. वय वाढलं की ती शिट्टी कळतही नाही, बडबड मात्र कानठळ्या बसवते. तेव्हा कॉर्ड विरली की आवाजाचं बटण लगेच खाली फिरवा.