वास्तुशांतीसाठी घर कसे बांधावे

कोल्हापुरात नवे घर बांधायला निघालेल्या सज्जनांनी आरंभीच मनाशी पक्के करावे की घर हे राहण्यासाठी नव्हे, तर वास्तुशांतीसाठी बांधायचे असते. राहणे काय, ते भाड्याच्या दोन खोल्यांतही होते आणि आजवर तसे झालेलेच आहे. वास्तुशांत मात्र एकदाच होते. त्या दिवशी भावकी, पै-पाहुणे आणि कचेरीतले सहकारी येतात, चपला काढून घरभर हिंडतात, नळ उघडून पाहतात आणि जिन्याच्या वळणावर थांबून हलक्या आवाजात खर्चाचा अंदाज बांधतात. या एका दिवसाच्या परीक्षेत जे उतरेल तेच घर. पुढची तीस-चाळीस वर्षे तिथे झोपणाऱ्या, आजारी पडणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांच्या सोयीचा विचार जागा आणि पैसे उरल्यास शेवटी करावा.

जागा घेताना माती आणि पाणी या क्षुद्र बाबींत अडकू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा, असे इंजिनिअर सांगेल. त्याला शांतपणे विचारावे की हा पुरलेला पैसा वास्तुशांतीला आलेल्या माणसाला दाखवायचा कसा? पुराचेही तेच. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 साली 56 फुटांच्याही वर. नकाशावर निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. 2005 चा धरून 16 वर्षांत तीन महापूर येऊन गेले, तेव्हा पुढच्या काही पिढ्यांचे पूर आगाऊच उरकले आहेत, असा हिशेब सुज्ञाने मांडावा. शिवाय जागा दाखवणारा एजंट ती एप्रिलमध्येच दाखवतो आणि "इथं पाणी येत न्हाई, साहेब" असे छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा शेजारच्या घराच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला दिसणाऱ्या मातकट रेघेकडे पाहत राहणे असभ्यपणाचे ठरते.

एलिव्हेशन, म्हणजे घराची रस्त्यावरून दिसणारी दर्शनी बाजू, हा मात्र जिव्हाळ्याचा विषय आहे, तिथे हात आखडता घेऊ नये. 1884 साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस काळ्या दगडाचा आणि मनोऱ्याचा आहे, पण त्याभोवती मोकळे आवार आहे. आपल्याला तोच थाट दोन गुंठ्यांत, म्हणजे 2178 चौरस फुटांत, गाडी लावायला जागा सोडून साधायचा आहे, त्यामुळे आपले काम त्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स मँटपेक्षा अवघड आहे. समोर दोन मजली गोल खांब घ्यावेत, त्यांनी काही पेलले नाही तरी चालेल. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावावी. आपल्याकडचा पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि झड त्याच बाजूने मारते, म्हणून जुनी माणसे तिकडे खिडक्या लहान ठेवून वर रुंद छज्जा काढीत. पण छज्ज्याने एलिव्हेशनची रेषा तुटते, असे आजचे आर्किटेक्ट म्हणतात. जून ते सप्टेंबर काचेशी जुन्या चादरी अंथरून ठेवल्या की प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात त्याच काचेला पडदा लावून दिवसा दिवे लावावेत.

वास्तुशास्त्राचे जाणकार भिंती उभ्या राहिल्यानंतरच बोलवावेत. आधी बोलावले तर पाडण्यासारखे काही नसते.

स्लॅबचा दिवस ही वास्तुशांतीची रंगीत तालीम समजावी. नारळ फोडावा, मिक्सर सुरू होताच फोटो काढावेत, गवंडी आणि बिगारी मंडळींना मटणाचे जेवण घालावे आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे दुसरे भांडे संपेपर्यंत काँक्रीटमध्ये पाणी किती ओतले जाते आहे याकडे पाठ करून बसावे. पाणी वाढवले की माल सरसर पसरतो आणि सगळे लवकर घरी जातात. तो कमजोर होतो हे खरे, पण कमजोरी फोटोत येत नाही. त्यानंतर स्लॅबवर बांध घालून पाणी साठवायचे असते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओलावा द्यावा असे प्रमाणग्रंथ सांगतात. कुटुंबाने सहलीला निघण्यास हाच आठवडा सर्वांत योग्य होय.

सहल कुठे न्यावी, हा प्रश्न आता उरत नाही. मुलांना तीन उन्हाळे केरळ दाखवण्याचे वचन दिलेले असेल, तर ते मोरबीला नेऊन फेडावे. गुजरातेतील या गावी टाइल्सचे इतके कारखाने आहेत की एकाच प्रकारचा पांढरा रंग पाहता पाहता पूर्ण दिवस जातो. तिथून किशनगडला मार्बल पाहायला गेले की राजस्थानही पाहून होतो. मुले कंटाळल्यास त्यांना नमुन्याचे तुकडे खेळायला द्यावेत. "मामांनी घेतली त्याहून मोठी" या एकाच निकषावर चार फूट बाय दोन फुटांची, आरशासारखी चकाकणारी टाइल निवडावी आणि वाहतुकीचा खर्च धरला असता ती गावातल्या दुकानाहून स्वस्त पडली की नाही याचा हिशेब परतीच्या प्रवासात कोणालाही करू देऊ नये. ओल्या पायाने तीवरून घसरायला होते. पण आजी पडणार ती वास्तुशांतीनंतर.

यानंतर स्वयंपाकघर. ते दिवाणखान्याला जोडून उघडे, पांढरे आणि दरवाज्याविना असावे. भिंत नावाची वस्तू मागासलेल्या लोकांनी फोडणीच्या भीतीपोटी बांधलेली आहे. एक बारीक अडचण तेवढी उरते, ती चटणीची. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डाव्या हाताला वाढायचा पदार्थ नसून वर्षभराची बेगमी असते, आणि ती उन्हाळ्यात घरीच व्हावी असा प्रत्येक सासूचा आग्रह असतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी तिखटाला, अशा मिरच्या आणून त्या गच्चीवर वाळवायच्या, देठ खुडायचे, खोबरे, तीळ, धने आणि मसाले तेलावर भाजायचे, मिरच्या डंकावरून कांडून आणायच्या आणि शेवटी कांदा, लसूण, कोथिंबीर घालून सगळे एकत्र करायचे, हा उद्योग काही दिवस चालतो. आता आपल्या गच्चीवर पर्गोला, कृत्रिम हिरवळ आणि झोपाळा असल्याने वाळवणाला कोरडी जागा नाही, आणि उघड्या स्वयंपाकघरात मसाला भाजायला घेतला की दिवाणखान्यातील सोफ्यासह सर्वांना ठसका लागतो. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला, सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत नियमाने मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, वर पत्रा टाकून एक काळी शेगडी आणि एक मोरी करून घ्यावी. घरातल्या बाईने उरलेले आयुष्य तिथे स्वयंपाक करावा आणि पांढऱ्या ओट्यावरची धूळ रोज पुसावी. एखादी वहिनी "मग हे आतलं कशाला केलंय?" असे विचारील; तिला ज्यूस द्यावा.

छंदांसाठी एक खोली अवश्य ठेवावी, कारण नकाशावर "छंदाची खोली" हे शब्द फार शोभून दिसतात. बाबांचा हार्मोनियम, मुलीची चित्रे आणि आजीचे वाकळ शिवणे या सर्वांची सोय तिथे होईल असे घरात जाहीर करावे. बांधकाम आटोपल्यावर त्याच खोलीत उरलेल्या टाइल्सच्या पेट्या ठेवाव्यात. तो नमुना पुन्हा मिळत नाही, त्यामुळे त्या टाकता येत नाहीत, हे एक अपवादाने खरे कारण आहे. त्यांच्यावर रंगाचे अर्धे डबे, नळांचे खोके आणि झुंबराची जास्तीची लोलके रचावीत. आजी वाकळ अंथरायला जमीन मागेल. दिवाणखान्यात जमीन भरपूर आहे, पण तिथे चिंध्या, सुई आणि आजी हे तिन्ही एलिव्हेशनला मारक आहेत. तिला टीव्ही लावून द्यावा.

वास्तुशांत ठरली की काम अपुरे असले तरी तारीख हलवू नये. रंग ओला असल्यास पाहुण्यांना भिंतीपासून दूर उभे करावे, संडासाच्या दाराला कडी नसल्यास बाहेर एक भाचा उभा करावा. यजमान जोडप्याने सोवळ्यात होमाच्या धुरापुढे बसायचे असल्याने घर दाखवण्याचे काम दाजींवर सोपवावे. ते प्रत्येक वस्तूची किंमत दीडपट सांगतात आणि "हे मीच सुचवलं" असे पुढे जोडतात. कर्जाचा हप्ता कोणी विचारल्यास प्रसादाकडे बोट दाखवावे.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भेटवस्तू मोजाव्यात. त्यांत भिंतीवरची घड्याळे बहुसंख्य असतील. ती लावू नयेत आणि टाकूही नयेत, छंदाच्या खोलीत टाइल्सच्या पेट्यांवर ठेवावीत, कारण येत्या मुहूर्तांवर पाचगाव, कळंबा आणि फुलेवाडी अशा तिन्ही दिशांना आपल्यालाही वास्तुशांतीला जायचे आहे. कागद बदलताना आतल्या चिठ्ठीवरचे नाव तेवढे पाहून घ्यावे, आणि फुलेवाडीच्या मावशींनी दिलेले घड्याळ फुलेवाडीला नेऊ नये.