स्वस्तात विमा उतरवण्याची सोपी रीत

गाडीचा विमा शहाणपणाने कसा निवडावा, असे हल्ली बरेच जण विचारतात. माझी गाडी गेले सव्वीस दिवस जळगावच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात बॉनेट उघडे टाकून उभी असल्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नुकताच प्राप्त झाला आहे.

विमा नेहमी नात्यातल्या माणसाकडूनच उतरवावा. माझ्या साडूचा मुलगा हे काम करतो. नातेवाइकाला प्रश्न विचारणे बरे दिसत नाही आणि न विचारलेले सांगण्याची त्याला गरज वाटत नाही, त्यामुळे सारा व्यवहार चहाच्या एका कपात उरकतो.

त्यानंतर फक्त हप्त्याचा आकडा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा, सरकारने ठरवलेल्या दरानेच मिळतो, तो कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी सारखाच. मग एखादा जण दोन हजारांनी स्वस्त देत असेल, तर ते दोन हजार त्याने नेमके कशातून कापले, असला क्षुद्र विचार मनात आणू नये. गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, त्याने हळूच खाली आणली असेल तर आणू द्यावी. उद्या गाडी चोरीला गेली तर हातात तेवढेच पैसे पडणार आहेत, पण चोरी होते ती शेजाऱ्याकडे.

पॉलिसीची पीडीएफ उघडू नये, मोबाइल जड होतो.

आता मुख्य सल्ला. पावसाळ्यात कोणाच्या दारावर जायचे असेल तर रुळांखालच्या बोगद्यातूनच जावे. (त्या बोगद्यांविषयी खानदेशातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) पुढची एसटी गेली म्हणून आपणही गाडी पाण्यात घालावी, मध्यभागी ती बंद पडली की घाबरून तीन-चार वेळा सेल्फ मारावा आणि मग ट्रॅक्टरवाल्याला दीड हजार देऊन बाहेर निघावे. मी हे सारे यथासांग केले. पूर आणि पाणी विम्यात धरलेले असते, हे मला ऐकून ठाऊक होते, त्यामुळे मी निश्चिंत होतो. सर्व्हेअर आले, त्यांनी फोटो काढले आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की सीट आणि मॅट धुण्याचा खर्च मिळेल, इंजिनाचा मिळणार नाही. पाणी आत गेले हा अपघात. पण पाणी दाबले जात नसल्यामुळे सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकले, हे म्हणे ‘परिणामी नुकसान’, आणि ते मूळ पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. मागच्या वर्षीपर्यंत ती माझ्याकडे होती! हप्ता कमी दिसावा म्हणून या वर्षी ती साडूच्या चिरंजीवांनी मला न विचारता काढून टाकली होती. वाचले किती, तर हजाराच्या आत. अंदाजपत्रक आले एक लाख बारा हजारांचे. विचारले, तर म्हणाला, “काका, तुम्हीच म्हणाले होते ना, स्वस्तात बसव.”

म्हटले होते, हे खरे आहे.

याखेरीज, झिरो डेप, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दल पैसे न कापण्याची पुरवणी, नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, हे बंपर फुटेपर्यंत जाणून घेऊ नये. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असतानाही बोनस, म्हणजे क्लेम न घेणाऱ्याला हप्त्यात मिळणारी सूट, मागून घ्यावा. क्लेमच्या वेळी कंपनी ते शोधून काढतेच. बाहेरून गॅस किट बसवले असेल तर आरसी बुकात आणि पॉलिसीत त्याची नोंद करण्याच्या भानगडीत पडू नये.

पण हा उपरोध आता मला जमेना, कारण काल पुन्हा गॅरेजात जाऊन आलो. अहो, भरताची वांगी घेताना आपण देठ दाबून पाहतो, कपाशीच्या बियाण्याची पिशवी उलटी करून तारीख वाचतो, आणि आठ लाखांच्या गाडीचा कागद मात्र न वाचता कपाटात टाकतो. त्या पोराला कमिशन हवे होते, कंपनीला हप्ता हवा होता आणि मला फुकटात निश्चिंती हवी होती. तिघांपैकी एकानेही दहा मिनिटे तो कागद वाचला नाही. जा, आजच पॉलिसी काढा. आयडीव्ही किती धरली आहे, झिरो डेप आहे का, इंजिनाची पुरवणी आहे का, बोनस खरा लिहिला आहे का, ते बघा आणि नसेल तर त्या नातेवाइकाला तोंडावर विचारा. तो रुसला तर रुसू द्या. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर, देवाशप्पथ, किल्लीला हात लावू नका.