मासा आणि बटाटा एकत्र खाऊ नये, हे खरं नाही

‘मासा आणि बटाटा एकत्र पचत नाहीत, पोटात सडतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे साफ चूक आहे. स्वादुपिंडातून पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारे पाचकरस एकाच वेळी लहान आतड्यात येतात. आणि बटाट्यात मुळातच पिष्टाबरोबर थोडी प्रथिनं असतातच की!

तब्येतीच्या दृष्टीने फरक पडतो तो तळण्याने. तेच जिन्नस ओव्हनमध्ये चमचा-दोन चमचे तेलावर भाजले, तर जेवण हलकं आणि पोटभरीचं होतं.

गडबड होते ती वेळेत. बटाट्याला माशापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या 200 अंश सेल्सिअसला 20 मिनिटं आधी भाजा, मग त्यांवर साफ केलेला अख्खा मासा ठेवा. पाठीच्या जाड भागात सुरी घालून मधल्या काट्यापर्यंत बघा: मांस काचेसारखं न दिसता पांढरट झालं आणि काट्यापासून सहज सुटलं, की झाला. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 63 अंश हवं. हिरवे पडलेले बटाटे मात्र कृपया वापरू नका. त्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य खरोखरच बाधतं.