काका, लंडनचा नकाशा पण बघा

मे 2025 मध्ये काही चॅनेलवाल्यांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उद्ध्वस्त केलं होतं ना, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद, युद्धात नुकसान किती झालं ते सरकारने लोकांना सांगावं की नाही. काकांचं म्हणणं, ब्रिटिशांकडून शिका, दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते पण रडले का ते? आणि वर 'लंडन कॅन टेक इट' या 1940 च्या फिल्मची लिंक, आणि मला टॅग, तू तिथेच राहतोस, सांग या पोरांना.

बरं सांगतो. फिल्म सरकारीच, माहिती खात्याने मुख्यतः अमेरिकन लोकांसाठी काढलेली, म्हणून आवाज पण अमेरिकन पत्रकाराचा, क्वेंटिन रेनॉल्ड्सचा, आणि तो वर सांगतो मी तटस्थ आहे! 7 सप्टेंबरपासून जवळजवळ रोज रात्री बॉम्ब पडत होते, जर्मन म्हणत होते लंडन खचलं, त्यावर हे उत्तर. हुशारी बघा, पडकी घरं लपवलेली नाहीत, चांगली दाखवलीत, पण खचलेलं माणूस एकही नाही, सकाळ झाली की सगळे निमूट कामावर.

पण काका, त्याच युद्धात इथल्या काउंटी कौन्सिलची, म्हणजे तेव्हाच्या महापालिकेची, माणसं घरन्‌घर बघून नकाशे रंगवत होती. पूर्ण गेलेलं घर काळं, दुरुस्त न होणारं जांभळं, थोड्या काचा फुटलेलं पिवळं. ते नकाशे आज कुणीही बघू शकतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या एक्झिबिशन रोडकडच्या भिंतीवर बॉम्बने पडलेले खड्डे मुद्दाम बुजवलेले नाहीत, पोरं त्यात बोटं घालत जातात.

आणि याच ब्रिटिशांनी मुंबईत काय केलं? 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा भरलेली फोर्ट स्टिकिन बोट फुटली, शेकडो माणसं गेली, सोन्याच्या विटा लोकांच्या छपरांवर पडल्या, अख्ख्या शहराने आवाज ऐकला आणि सेन्सॉरने बातमी मे महिन्यापर्यंत दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं.

काकांचा रिप्लाय आला, युद्ध चालू असताना नकाशा शत्रूच्या हातात द्यायचा का? नाही हो, कपाटात ठेवा, कुलूप लावा. पण आपल्याकडे पूंछमध्ये मे 2025 मध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी घरं पडली त्यांचा असा घरन्‌घर रंगवलेला नकाशा कुणी करतंय का, एवढंच विचारतोय, फिल्म काय कुणीही काढेल.