ओमानबद्दलचा तो मेसेज मावशीपर्यंत पोचला म्हणून लिहितोय

काल रात्री साडेदहाला मावशीचा फोन, आवाज रडवेला. तिचा मुलगा ओमानच्या राजधानीत, मस्कतला रुवी भागात नोकरीला आहे आणि तिला कोणीतरी तो सगळ्या ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवलाय: ओमान इराणचा हस्तक, अमेरिका-इराणच्या मस्कतमधल्या गुप्त बैठका म्हणजे कट, छोटा देश नुसता निरोप पोचवणारा, इराणचा अणुकरार फक्त आर्थिक निर्बंधांमुळे झाला, आणि शेवटी 'आपली माणसं लगेच परत बोलवा'.

आधी ते 'गुप्त म्हणजे कट' घेतो, कारण मावशी त्यालाच घाबरलीय. जुलै 2012 मध्ये अमेरिकेची माणसं गुपचूप मस्कतला जाऊन इराणी अधिकाऱ्यांना भेटली, मार्च 2013 मध्ये विल्यम बर्न्स स्वतः गेले. बर्न्स तेव्हा अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री, पुढे सीआयएचे प्रमुख, आणि त्यांनीच 2019 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं लिहिलंय, समुद्रकाठच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबात कसं बसले तेसुद्धा. तेव्हा तेहरानात अजून अमेरिकेचे कट्टर विरोधक अहमदीनेजाद राष्ट्राध्यक्ष होते. तिथं अमेरिकेशी बोलणं म्हणजे गद्दारी आणि वॉशिंग्टनमध्ये इराणशी बोलणं म्हणजे शरणागती, मग पहिल्याच दिवशी कॅमेरे लावले असते तर कोण एक पाऊल मागं आलं असतं? मोडायला आलेली सोयरीक जुळवणारा माणूस आधी दोन्ही घरी वेगवेगळा जाऊन बसतो, भर मांडवात मिटवायला जात नाही. आणि निघालं ते लपलं का? 24 नोव्हेंबर 2013 ला जिनिव्हात अंतरिम करार झाला, इराणनं 5 टक्क्यांच्या वर युरेनियम समृद्ध करणं थांबवायचं कबूल केलं, आणि तो मजकूर जगानं वाचला.

नुसता निरोप्या म्हणाल तर 2009 मध्ये इराणनं पकडलेले तीन अमेरिकन तरुण बघा. त्यांच्या जामिनाची सोय ओमाननं केली, 2010 मध्ये एक आणि 2011 मध्ये उरलेले दोघं सुटले. ओमानचे तेव्हाचे सुलतान काबूस यांच्या शब्दावर अमेरिका आणि इराण दोघांचा विश्वास बसला तो असा, त्याशिवाय पुढची बैठक झालीच नसती.

इराणचा हस्तक? 1980 पासून अमेरिकेला लष्करी तळ वापरू देणारा देश इराणचा हस्तक कसा? 2016 मध्ये सौदीनं इराणशी संबंध तोडले, ओमाननं तोडले नाहीत. 2017 मध्ये सौदी आणि शेजाऱ्यांनी कतारची कोंडी केली, त्यातही ओमान गेला नाही. होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरचा मुसंदम हा भाग ओमानचा आहे, समोर इराण आहे, शेजाऱ्याशी बोलणं बंद करून त्यांना चालणारच नाही.

निर्बंधांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. तेलाची विक्री घटल्यामुळे इराणवर दबाव होताच. आणि ओमान दर वेळी युद्ध टाळू शकत नाही हेही खरं, जून 2025 मध्ये मस्कतला अमेरिका-इराण अणुचर्चेच्या सहाव्या फेरीला दोन दिवस असताना इस्रायलनं इराणवर हल्ला केला.

पण येमेनमध्ये 2016 ला पळवून नेलेले केरळचे फादर टॉम 2017 मध्ये सुटले ते याच ओमानच्या मध्यस्थीनं, सुटल्यावर आधी मस्कतलाच उतरले. मावशी, दादाला परत बोलवायचं की नाही ते त्याला फोन करून ठरव, या मेसेजवरून नको.