वरच्या भिंगात इरिडियम नाही, बाप्पा

दारव्ह्याच्या मामांनी परवा जुन्या याशिका कॅमेऱ्याला पेचकस लावला. कारण गावच्या ग्रुपवर आलेला, इरिडियम या महागड्या धातूवरचा हा मेसेज: 'दोन डोळ्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या वरच्या भिंगात इरिडियम असते, म्हणून ते जांभळे चमकते. तांदूळ ओढते, रेडिएशन सोडते. कंपनी ४० लाख देते. भिंग काढून फोटो पाठवा, टेस्टिंगचे ५ हजार आधी भरा.'

वरचंच भिंग का, हे लिहिणाऱ्याला तरी ठाऊक आहे का? वरचं फक्त बघायला. त्यातून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर आपटून वरच्या घासलेल्या काचेवर चित्र पाडतो. फोटो काढतं खालचं. शटर अन् अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) त्यालाच. याशिका-मॅट १२४जी मध्ये वरचं २.८ चं आहे, खालचं ३.५ चं (आकडा लहान, तितकं भोक मोठं). वरचं मोठं ठेवलं ते चित्र उजळ दिसावं म्हणून. बनावटीत ते साधंच, तीन काचांचं, खालच्यात चार. म्हणजे पैसा ओतला तो खाली, अन् हे महाभाग वरचं काढायला सांगतात!

आता ती जांभळी चमक. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. खालच्या भिंगात हवेला लागलेले असे सहा पृष्ठभाग, म्हणजे पाचवा हिस्सा वायाच. त्यावर उपाय म्हणून १९३५ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर द्यायची रीत काढली. जुन्या भिंगांवर हा थर बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. तो हिरवा-पिवळा उजेड फारसा परत फिरू देत नाही. उरलेला लाल-निळा फिरतो, तोच आपल्याला जांभळा दिसतो. ३ सेंटीमीटरच्या काचेवरचा सगळा थर खरवडला तरी पाव मिलिग्रॅम भरत नाही. ४० लाख कशाचे?

रेडिएशनचं मात्र अगदीच खोटं नाही, मान्य करावं लागतं. पूर्वी काही कंपन्या भिंगाच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू घालत. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाच्या २००१ च्या अहवालात (न्यूरेग-१७१७) त्याचा हिशेब आहे: काचेत ३० टक्के थोरियम धरलं, वर्षाला ३० दिवस रोज ६ तास कॅमेरा अंगावर बाळगला, तरी वर्षभरात २ मिलिरेम (अंगाला लागलेल्या रेडिएशनचं माप). माती, हवा, आभाळातून आपल्याला वर्षाला त्याच्या शंभरपट मिळतंच. अन् जुन्या भिंगात थोरियम असलं तरी त्याचे लाख कोणी मोजत नाही.

तांदूळ ओढण्यावर काय लिहू? तांब्याच्या भांड्यांवरची राइस पुलरची, म्हणजे 'तांदूळ ओढणारी वस्तू लाखोंना विकली जाते' असं सांगून लुबाडायची, जुनीच ठगी आता कॅमेऱ्यावर आली, एवढंच. ५ हजार भरले असतील तर लगेच १९३० या सायबर ठगीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

ज्यांनी भिंग आधीच फिरवून सैल केलं, त्यांचा वरचा अन् खालचा फोकस आता जुळणार नाही. वर चित्र स्वच्छ, रोलवर धूसर. मागचं झाकण उघडा, रोलच्या जागी घासलेली काच धरा, शटर 'बी' वर, म्हणजे बटण दाबून धरून, उघडं ठेवून दूरच्या टॉवरवर खालचा फोकस पक्का करा. मग तोच टॉवर वरच्या घासलेल्या काचेवर स्वच्छ दिसेस्तोवर वरचं भिंग फिरवा, अन् स्क्रू आवळा.