फुकट्या प्रवाशांसाठी काही नम्र सूचना

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक अजूनही तिकीट किंवा पास काढूनच गाडीत चढतात, ही अत्यंत खेदाची बाब आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या एका वातानुकूलित लोकलमध्ये जे काही पाहावे लागले आणि जे ऐकून घ्यावे लागले, त्यानंतर या भाबड्या मंडळींचे प्रबोधन करण्याची नितांत गरज असल्याची माझी खात्री पटली आहे. पदरचे पैसे मोजून पास काढायचा, तरीही उभ्यानेच घरी जायचे, आणि टीसी समोर आला की तोच पास शाळकरी पोरासारखा निमूटपणे काढून दाखवायचा, यात कोणता पुरुषार्थ आहे? त्यापेक्षा ज्यांनी फुकट प्रवासाचे शास्त्र आत्मसात केले आहे, त्यांच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात. त्या दुरून पाहून मी जमवल्या आहेत आणि वाचकांच्या सेवेसाठी येथे देत आहे.

प्रथम हिशेब समजून घ्यावा, कारण सुशिक्षित माणूस भावनेच्या भरात चोरी करत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट सापडलेल्या प्रवाशाकडून प्रवासाचे भाडे आणि शिवाय तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते वसूल केले जाते. हा २५० रुपयांचा आकडा १ जुलै २००४ पासून लागू आहे आणि तेव्हापासून तो जागचा हललेला नाही. एवढ्या वर्षांत बाजारातल्या कोणत्या वस्तूची किंमत अशी स्थिर राहिली, हे आठवून पाहावे. सरकारने खरी माया कोणावर केली असेल तर ती आपल्यावरच. आता पुढचे गणित. सर्वांत जवळच्या टप्प्याचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास १०० रुपयांना मिळतो, त्रैमासिक २७० रुपयांना, आणि एका फेरीचे किमान भाडे आहे ५ रुपये. म्हणजे तीन महिन्यांत आपण एकदाच सापडलात, तर २५५ रुपये जातील आणि निव्वळ १५ रुपये वाचतील. या १५ रुपयांसाठी तीन महिने सकाळ-संध्याकाळ पुलाच्या पायथ्याकडे डोळे लावून चालावे लागेल आणि काळा कोट दिसला की छातीत धस्स होईल, हे खरे. पण नफा तो नफा. दुसऱ्यांदा सापडलात तर २४० रुपयांचा तोटा होतो, परंतु असा अशुभ विचार मनात आणू नये.

त्याच अधिनियमातील कलम १३७ मात्र वाचूच नये. फसवणुकीच्या हेतूने विनातिकीट प्रवास केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे काहीतरी रुक्ष त्यात लिहिलेले आहे. आपला हेतू फसवणुकीचा कधीच नसतो. आपण घाईत असतो.

घाईचे कारण सांगताना तिकीट खिडकीपुढच्या रांगेचा उल्लेख अवश्य करावा. रांग असते यात शंका नाही, दोन एटीव्हीएम (तिकीट देणारी स्वयंचलित यंत्रे) बंद असतात यातही नाही, आणि तिसऱ्या यंत्रापुढे उभा असलेला माणूस आयुष्यात प्रथमच तो पडदा पाहत असतो हेही नित्याचेच आहे. फक्त हे सांगत असताना आपल्या हातात जो मोबाइल आहे तो शक्यतो खिशात ठेवावा, कारण मुंबईच्या लोकलचे तिकीट मोबाइलवर काढण्याची सोय २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, हे एखाद्या आगाऊ सहप्रवाशाला ठाऊक असू शकते.

मोबाइलचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो आपल्या बंधुभगिनींनीच शोधून काढला. रुळांच्या अगदी जवळ उभे राहून ॲपवर तिकीट काढता येऊ नये, अशी अडवणूक रेल्वेने मुद्दाम करून ठेवली होती, कारण त्याशिवाय प्रत्येकाने टीसी दिसल्यावरच तिकीट काढले असते. स्थानकात चिकटवलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला तर मात्र तिकीट निघत असे, तेव्हा त्या कोडचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवायचा आणि टीसी डब्यात शिरला की बसल्या जागी तो वापरून तिकीट काढायचे, अशी नामी युक्ती निघाली. जी सोय रांगेत ताटकळणाऱ्या प्रामाणिक माणसासाठी होती, तिचे असे सोने झाले. पुढे काही स्थानकांवरून ते कोडच काढून टाकण्याची वेळ आली आणि म्हातारीकोतारी माणसे पुन्हा यंत्रापुढे उभी राहिली. ती त्यांची अडचण आहे, आपली नव्हे.

‘स्टाफ’ (म्हणजे मी रेल्वेचाच कर्मचारी) हा एकच शब्द, पुढे काही विचारण्याची हिंमत होऊ नये अशा आवाजात उच्चारण्याचा सराव घरी आरशासमोर करावा.

आज कोणत्या पुलावर तपासणी चालू आहे, हे कळवणाऱ्या व्हॉट्सॲप समूहात सामील व्हावे. शेजारच्या घरी काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल.

पुलाच्या तोंडाशी टीसी उभे दिसले तर फलाटाच्या टोकाला जाऊन खाली उतरावे आणि रूळ ओलांडून पलीकडे जावे. पाच रुपयांच्या तिकिटासाठी धडधडत येणाऱ्या जलद लोकलसमोर जीव घालणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाच्या पाठीवर लहान मुलाचे दप्तर होते. या सूचनेवर विनोद करणे मला जमत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

सर्वांत महत्त्वाची सूचना वादविवादाविषयी आहे. टीसीने हटकले तर गांगरू नये, उलट आवाज चढवावा, आणि तो कसा चढवावा याचे प्रात्यक्षिक मी त्या संध्याकाळी जवळून पाहिले. खिडकीपाशी एक तिशी-पस्तिशीतले गृहस्थ बसले होते. मांडीवर लॅपटॉपची बॅग, कानात बिनतारी इअरफोन, समोर मोबाइलवर क्रिकेटचा सामना. टीसी बाई डब्याच्या त्या टोकाला दिसल्या मात्र, गृहस्थांना तत्काळ गाढ झोप लागली. सामना मात्र मांडीवर तसाच चालू होता. बाईंनी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा सीटच्या दांडीवर पेनाने टकटक केली. डोळे उघडल्यावर त्यांनी पास शोधायला सुरुवात केली. ॲप उघडेना, कारण नेटवर्क नव्हते. ज्या मोबाइलवर आत्ता, या क्षणापर्यंत, एकही चेंडू न अडखळता षटक पूर्ण झाले होते, त्या मोबाइलला नेटवर्क नव्हते! मग बॅटरी संपत आल्याचे निष्पन्न झाले. मग पास कालच संपल्याचे आठवले. मग पास आहे, पण तो द्वितीय श्रेणीचा आहे, आणि नेहमीची गाडी रद्द झाल्यामुळे नाइलाजाने या गाडीत चढावे लागले, असा खुलासा झाला. एवढ्या वेळात एक स्थानक मागे पडले होते.

बाईंनी शांतपणे सांगितले की भाडे आणि दंड भरून पावती घ्यावी, अन्यथा पुढच्या स्थानकावर त्यांच्याबरोबर उतरावे. येथे गृहस्थांनी ठेवणीतले अस्त्र काढले. हजारो कोटी बुडवून लोक परदेशात पळून जातात, त्यांना कोणी विचारत नाही आणि आम्हा मध्यमवर्गीयांनाच धरता! टाळ्या पडायच्याच काय त्या बाकी राहिल्या. डब्यातल्या माना डोलू लागल्या. ‘‘खरं आहे हो,’’ असे एक जण म्हणाला. ‘‘मॅडम, जाऊ द्या ना, सभ्य माणूस आहे,’’ असे दुसरा म्हणाला. तिसऱ्याने तर बाईंनाच सुनावले, ‘‘आधी दुसऱ्या वर्गात जाऊन बघा, तिथे निम्मे लोक विनातिकीट असतात.’’ हे ऐकून मला राहवले नाही आणि मी गृहस्थांना एवढेच म्हणालो की, अहो, भरा ना पैसे. त्यावर त्यांनी कानातला इअरफोन काढून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काका, गाडी तुमच्या मालकीची आहे का?’’ डबा हसला. मीही बहुधा ओशाळलो असेन, कारण पासधारकाने ओशाळावे आणि फुकट्याने हशा वसूल करावा, असाच आता प्रघात पडलेला दिसतो. उलटा चोर कोतवालाला दांडगाई करतो हे आपण ऐकत आलो आहोत. पण चोराच्या मागे अख्खा डबा उभा राहतो आणि कोतवालाला ‘जाऊ द्या’ म्हणतो, हा त्याच्या पुढचा टप्पा मी त्या दिवशी पाहिला.

यातले खरे कसब कोणाच्या लक्षात आले नसेल, म्हणून सांगतो. वातानुकूलित लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आतल्या आत जाता येते. हा वाद रंगत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, दोन तरुण आणि हातात मोठी पिशवी घेतलेल्या एक बाई अशी तीन माणसे पुढच्या डब्याकडे सरकली आणि दिसेनाशी झाली. तपासणी करणारी व्यक्ती एकच होती आणि ती एका माणसाला पुरली. म्हणजे भांडणारा फुकट्या स्वतःपुरता भांडत नाही. तो मागच्या तिघांसाठी आड उभा राहतो, आणि त्याच्या बाजूने माना डोलावणारे सगळे त्याच आडोशाच्या भिंती होतात. पुढचे स्थानक आले, दारे उघडली, बाहेरची गर्दी आत लोटली आणि गृहस्थ त्या गर्दीला छेद देत दिसेनासे झाले. टीसी बाई पावतीपुस्तक छातीशी धरून दारात चेंगरत होत्या. ‘सभ्य माणूस आहे’ म्हणणाऱ्याने तोवर रिकामी झालेली खिडकीची जागा पटकावली होती.

हो, रेल्वेला काय कमी पडते आहे, हा प्रश्नही ऐनवेळी विचारता येतो. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ ५७ टक्के रक्कम भाड्यातून वसूल होते, अशी ओळ रेल्वेने २०१६ पासून तिकिटांवर छापायला सुरुवात केली होती. अडचण एवढीच की ही ओळ वाचण्यासाठी तिकीट हातात असावे लागते.

आणखीही सूचना होत्या, पण आता त्या लिहिण्यात मला गोडी राहिलेली नाही. मला या प्रकारातले काहीही विनोदी वाटत नाही आणि ते गृहस्थ चतुर होते असेही वाटत नाही. ज्याच्या मोबाइलच्या किमतीत वातानुकूलित गाडीचे कित्येक महिन्यांचे पास आले असते, तो माणूस भाडे चुकवतो तेव्हा त्यामागे गरिबी नसते, घाई नसते, व्यवस्थेविरुद्धचे बंडही नसते. तो दुसऱ्याच्या पैशांनी प्रवास करत असतो आणि तो दुसरा माणूस त्याच्या शेजारी उभा असतो. दरमहा पास काढून ज्यांना दारापाशी पाय टेकायला जागा मिळत नाही, त्यांच्या जागेवर तुम्ही बसलेले असता. मोठे चोर मोकळे आहेत हे खरे आहे आणि त्याचा राग मलाही येतो. पण त्यांच्या नावाने तुम्ही जे वाचवता ते त्यांच्या खिशातून येत नाही, माझ्या येते. कोणा उद्योगपतीने बँक बुडवली म्हणून तुम्ही माझे पाकीट मारणार असाल, तर ते पाकीटमारीचेच काम आहे, आणि तुम्हाला सभ्य म्हणणारे लोक तुमचे साथीदार आहेत.

खरोखर अडलेला माणूस मला ओळखता येतो. ज्याचा रोजगार बुडाला आहे, ज्याला दवाखाना गाठायचा आहे, असा माणूस इअरफोन काढून ‘काका’ म्हणत नाही. तो हात जोडतो आणि अनेकदा टीसीही माणूस असल्याची प्रचिती देतात. कायद्यालाही तेवढे भान आहे: सोबत पुरुष नसलेल्या विनातिकीट स्त्रीला किंवा मुलाला वाटेतल्या वाटेल त्या स्थानकावर किंवा रात्री-अपरात्री गाडीतून उतरवता येत नाही, अशी तरतूद त्याच अधिनियमात आहे. ज्यांच्यासाठी ही दया राखून ठेवलेली आहे, त्यांच्या वाट्याची ती तुम्ही लॅपटॉपच्या बॅगेआडून लुटता.

रेल्वेलाही सुनावण्यासारखे पुष्कळ आहे. दोन दशकांपूर्वीचा दंड आजही तेवढाच ठेवणे, भर गर्दीच्या गाडीत एकट्या बाईला पाठवणे आणि बंद यंत्रे महिनोन्महिने बंद ठेवणे, हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. परंतु तो निष्काळजीपणा दाखवून तुम्ही स्वतःची सुटका करून घेऊ नका. यंत्र बंद होते म्हणून तुमचे दोन्ही हात बंद नव्हते. सामना पाहण्याइतके ते मोकळे होते.

आणि ‘जाऊ द्या हो मॅडम’ म्हणणाऱ्यांना माझे वेगळे सांगणे आहे. तुमच्या खिशात पास होता, मी पाहिला आहे. तुम्ही तो बाईंना दाखवलात आणि मग त्यांच्याच विरोधात उभे राहिलात. आपले पैसे भरून दुसऱ्याच्या चोरीची वकिली करण्याची ही कसली हौस? एवढीच कणव दाटून येत असेल, तर पुढच्या वेळी स्वतःच्या पाकिटातून २५० रुपये आणि वर भाडे काढून टीसीच्या हातावर ठेवा, त्या गृहस्थाच्या नावाची पावती घ्या आणि त्याला ती भेट द्या. तेवढी तयारी नसेल, तर तोंड बंद ठेवा आणि त्या बाईंना त्यांचे काम करू द्या.